डॉक्टर जर्डन आणि दख्खनचा सरडा

कुंपणावर बसून मान हालविणारा सरडा दिसला की आपल्या कुरुंदवाडातील पुष्कळ मुलांचा हात आपोआप दगडाकडे वळतो. बोलीतही आपण ह्या प्राण्यास फारशी दयामाया दाखविलेली नाही. ज्याची उडी थोडकी, त्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण म्हणतो, आणि जो वेळ पाहून मत फिरवितो त्यास सरड्याची उपमा देतो. अशा ह्या उपेक्षित प्राण्याकडे एका परकीय डॉक्टराने आदराने पाहिले, त्याच्या गळ्यावरील रंगाची नोंद केली आणि त्यास आपल्या दख्खनचे नाव दिले. त्या डॉक्टराचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

थॉमस कॅव्हरहिल जर्डन ह्यांचा जन्म ता. १२ ऑक्टोबर १८११ रोजी इंग्लंडातील डरहॅम परगण्यात झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. एडिंबरो येथील विद्यापीठात ते प्रथम वाङ्मयाच्या अभ्यासासाठी गेले. परंतु तेथे प्राध्यापक जेमसन ह्यांची सृष्टिशास्त्रावरील व्याख्याने ऐकून त्यांच्या मनाने निराळी वाट धरली. पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत साहाय्यक शस्त्रवैद्य म्हणून १८३६ साली मद्रास बंदरावर पाऊल ठेवले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

पहिलीच नेमणूक गंजाम प्रांती झाली. तेथे तापाने व हगवणीने सैनिक हैराण झाले होते. दिवसभर रोग्यांची शुश्रूषा करावी आणि फावल्या वेळी पूर्वघाटातील पक्षी जमवावे, असा त्यांचा क्रम असे. पुढे घोडदळाबरोबर त्रिचनापल्लीस व तेथून आपल्या मराठी मुलुखातील जालन्यास त्यांची बदली झाली. जालन्याच्या छावणीत त्यांनी उमेदीची काही वर्षे काढली. त्या कोरड्या, उघड्या माळरानाचा परिचय त्यांस तेथेच झाला.

ह्याच काळात त्यांच्यावर एक आपत्ती ओढवली. आपण जमविलेल्या पक्ष्यांची ओळख पटावी म्हणून त्यांनी तो संग्रह स्कॉटलंडातील विद्वान सर विल्यम जार्डिन ह्यांच्याकडे धाडला. परंतु पेटारे तेथे पोहोचेपर्यंत कसरीने तो संग्रह पार बिघडवून टाकला होता. दुसरा कोणी असता तर हताश होऊन बसला असता. जर्डन ह्यांनी मात्र परक्याच्या निर्णयाची वाट न पाहता स्वतःच्या टिपणांवर विसंबून दक्षिण हिंदुस्थानातील पक्ष्यांची सूची सिद्ध केली. ती १८३९ पासून मद्रासच्या एका विद्वन्मान्य नियतकालिकात क्रमाने छापून निघाली. ह्या कामी त्यांस वॉल्टर एलियट ह्यांचे साह्य लाभले. हे एलियट धारवाडकडे अधिकारी होते व त्यांनी दक्षिण मराठा प्रदेशातील, म्हणजे आपल्याच ह्या बाजूच्या मुलुखातील, सस्तन प्राण्यांची सूची १८३९ साली प्रसिद्ध केली होती.

पुढे नेल्लोर येथे असताना जर्डन ह्यांनी रानात राहणाऱ्या यानादी लोकांशी ओळख वाढविली. ज्यांस शहरी लोक अडाणी समजत, त्यांच्याकडून प्राण्यांच्या सवयी शिकून घेण्यात ह्या डॉक्टरास कमीपणा वाटला नाही. पक्ष्यांची रंगीत चित्रे काढण्यासाठीही त्यांनी मद्रासच्या देशी चित्रकारांची योजना केली. ते चित्रसंग्रह १८४३ ते १८४७ ह्या काळात प्रसिद्ध झाले. त्या भागात त्यांस आढळलेला एक दुर्मिळ धाविक पक्षी आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९०० सालानंतर तो नामशेष झाला असे सारे मानीत होते. १९८६ साली तो आंध्र प्रदेशात पुन्हा सापडला.

त्यांची जिज्ञासा पक्ष्यांपुरती मर्यादित नव्हती. १८५१ साली त्यांनी दक्षिणेतील मुंग्यांची सूची लिहिली आणि १८५३ साली द्वीपकल्पातील सरपटणाऱ्या प्राण्यांची. पुढे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग ह्यांनी त्यांस ग्रंथलेखनासाठी खास कामावर नेमले आणि १८६२ ते १८६४ ह्या काळात त्यांचा हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. त्यात हजारांहून अधिक जातींचे वर्णन आहे. १८६७ साली सस्तन प्राण्यांवरील ग्रंथही निघाला.

आता सरड्याकडे वळू. आपल्या माळांवर चैत्र-वैशाखात एक लहानसा सरडा दगडावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडताना दिसतो. त्याच्या मागल्या पायांस पाचाऐवजी चारच बोटे असतात. ह्या गटातील पाँडेचरीकडील जातीस कुव्हिए नामक फ्रेंच पंडिताने १८२९ साली नाव दिले होते. त्या जातीच्या नराचा पंखा फिकट असतो. दख्खनी माळावरील नराचा पंखा मात्र निळा, काळा व नारिंगी अशा तीन रंगांनी झळकतो. जर्डन ह्यांनी हा भेद ओळखला आणि १८७० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या वृत्तांतात ह्या सरड्यास निराळी जात ठरवून दख्खनचे नाव दिले.

परंतु रंगावरून जात ठरविणे हे मोठे जोखमीचे काम आहे. आपल्या बागेतला नेहमीचा सरडाच पाहा. विणीच्या दिवसांत त्याचे डोके व गळा तांबडालाल होतो, एरवी तो मातकट दिसतो. नराचा रंग निराळा, मादीचा निराळा. म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्यास बहुरंगी अशा अर्थाचे नाव दिले आहे. प्रत्येक रंगास एकेक जात मानली तर एकाच कुंपणावर चार जाती निघावयाच्या! माळावरील सरड्याचाही पंखा विणीचा हंगाम सरताच निस्तेज होतो आणि मादीच्या अंगी तो झगमगाट मुळीच नसतो. ह्यामुळे पुढील ग्रंथकारांनी सावध पवित्रा घेतला व पाँडेचरीपासून दख्खनपर्यंतचे हे सारे सरडे एकाच जातीत घातले. जर्डन ह्यांनी दिलेले नाव जवळजवळ दीड शतक अडगळीत पडले.

त्याचा उद्धार २०१६ साली झाला. भारतीय संशोधकांनी ठिकठिकाणचे सरडे मिळवून त्यांचे खवले मोजले, हाडांची रचना पाहिली आणि आनुवंशिक द्रव्याची तुलना केली. तेव्हा असे दिसून आले की तिरंगी पंख्याचे हे सरडे निराळी जात तर आहेतच, पण त्यांचे कूळही निराळे आहे. त्या कुळास संशोधकांनी नाव दिले ते आपल्या मराठी भाषेतले साधे नाव, सरडा! त्यात तीन जाती गणल्या गेल्या. एकीस जर्डन ह्यांचे दख्खनी नाव परत मिळाले, दुसरीस डार्विन ह्यांचे नाव लाभले, आणि तिसरी, अंगाने मोठी व दिसण्यात देखणी, ती सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरची. रंग हा एकटा साक्षीदार पुरेसा नव्हता. परंतु त्याची साक्ष खोटीही नव्हती.

ह्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी झाले व सरड्यांची संख्या वाढली. गर्दी वाढल्याने भक्ष्याची ओढाताण झाली आणि नरांच्या गळ्यावरील रंगाचे तेजही उणे झाले. माणसाने माळावर काही उभारले तर त्याचा परिणाम एका लहानशा जिवाच्या गळ्यावर उमटतो, हे पाहून कोणास विस्मय वाटणार नाही?

जर्डन ह्यांस हे काहीच पाहावयास मिळाले नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते आसामात हिंडत असता तीव्र तापाने आजारी पडले. १८७० साली, म्हणजे दख्खनच्या सरड्यास नाव दिले त्याच वर्षी, ते मायदेशी परतले, आणि ता. १२ जून १८७२ रोजी लंडनजवळ अपर नॉरवुड येथे त्यांनी देह ठेवला. सरपटणाऱ्या प्राण्यांवरील त्यांचा संकल्पित ग्रंथ अपुराच राहिला.

त्यांच्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी अनेक प्राणी मारून जमविले, हे आम्ही लपवीत नाही. आज पाहावयास दुर्बिणी आहेत, छायाचित्रे आहेत. त्या मार्गाची गरज विद्यार्थ्यांस नाही. त्यांच्यापासून घ्यावयाचे ते दुसरेच. आदमाने प्राण्यांस नावे दिली, ही पवित्र शास्त्रातील कथा आमच्या शाळेत सर्वांस ठाऊक आहे. नाव देण्यापूर्वी त्या प्राण्याकडे निरखून पाहावे लागते, हे मात्र आपण विसरतो. जर्डन ह्यांनी नीट पाहिले, पाहिले तसे लिहून ठेवले, आणि जग मान्य करील की नाही ह्याची चिंता केली नाही. येत्या उन्हाळ्यात माळावरचा सरडा दगडावर चढून आपला पंखा उघडील, तेव्हा आमच्या मुलांनी हातातला दगड खाली टाकावा व घटकाभर थांबून त्याचे रंग वहीत टिपून घ्यावे, एवढीच आमची इच्छा आहे.