मळ्यातील गृहस्थ : श्रीसंत सावता महाराज

महाराष्ट्राच्या संतमंडळात गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी आणि सावता माळी ही नावे आपापल्या व्यवसायासह उच्चारली जातात. व्यवसाय सोडून संत झाले, असे यांच्याविषयी कोणी म्हणत नाही. आपल्या ज्ञातीत सावता महाराजांची प्रतिमा बहुधा प्रत्येक घरी असते. त्यांच्या चमत्काराची कथा लहान मुलांनाही पाठ असते. परंतु त्यांचा मळा कसा होता, संसार कसा होता, याचा विचार मात्र आपल्याकडून क्वचितच होतो. म्हणून या थोर पुरुषाचे चरित्र एका शेतकरी गृहस्थाचे चरित्र म्हणून वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ अरण नावाचे गाव आहे. तेथे शके 1172 मध्ये, म्हणजे इ. स. 1250 मध्ये, सावता महाराजांचा जन्म झाला. परंपरेनुसार त्यांचे आजोबा देवू माळी हे या घराण्यातील अरणला स्थायिक झालेले पहिले पुरुष होत. त्यांना पुरसोबा व डोंगरोबा असे दोन पुत्र होते. पुरसोबा हे सावतोबांचे वडील. ते शेती सांभाळून भजनपूजन करीत व पंढरीची वारीही करीत. मळ्याचे काम आणि विठ्ठलाची भक्ती हे दोन्ही वारसे सावतोबांना एकाच घरात लाभले.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा होता. रामदेवराव 1271 मध्ये गादीवर आला. नामदेव महाराजांचा जन्म 1270 चा व ज्ञानेश्वर माउलींचा 1275 चा. म्हणजे सावतोबा या दोघांहूनही वीस-पंचवीस वर्षांनी वडील होते. धर्माचे ज्ञान त्या काळी संस्कृत ग्रंथांत बंदिस्त होते. सामान्य कष्टकऱ्याच्या वाट्याला व्रतवैकल्ये, उपासतापास आणि तीर्थयात्रा एवढाच धर्म येत असे, आणि त्यासाठी लागणारा वेळ व पैसा दोन्ही त्याच्यापाशी नसत.

बागायतीचे काम किती चिकट असते हे आपल्या ज्ञातिबांधवांस सांगावयास नको. पहाटे मोट जुंपावी, दंडाने आलेले पाणी एकेका वाफ्यात फिरवावे, खुरपणी करावी, भाजी तोडून जुड्या बांधाव्यात आणि बाजार गाठावा. जिराईत शेतकऱ्याला पेरणीनंतर थोडी उसंत मिळते, पण मळेकऱ्याला ती नाही. चार दिवस पाणी चुकले की कोवळी रोपे माना टाकतात. अरणपासून पंढरपूर फार दूर नाही, एका दिवसाची पायवाट आहे. तथापि सावतोबा पंढरीस जात नसत, अशी त्यांची ख्याती आहे. वारीविषयी त्यांच्या मनात अनादर नव्हता, कारण त्यांचे वडील स्वतः वारकरी होते. हाती आलेले काम मन लावून करावे, मुखी नाम असावे, म्हणजे ईश्वर जेथे आपण आहोत तेथेच भेटतो, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. मळ्यातील भाजीपाल्यात त्यांना आपले दैवत दिसत असे.

त्यांचा विवाह जवळच्याच भेंड गावातील जनाई हिच्याशी झाला. विठ्ठल व नागाताई ही त्यांची दोन अपत्ये. संताचा संसार म्हणून तो कुरबुरीवाचून चालला असेल असे मानण्याचे कारण नाही. एकदा सासुरवाडीची मंडळी घरी आली असता सावतोबा भजनात रंगून गेले होते व पाहुण्यांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, अशी कथा सांगतात. माहेरच्या माणसांचा मान राहिला नाही म्हणून जनाई रागावल्या. कोणत्याही गृहिणीस हा राग यावा असाच तो प्रसंग होता. सावतोबांनी मृदु शब्दांनी समजूत घालून त्यांचा राग शांत केला. ते घर सोडून निघाले नाहीत, की पत्नीला भक्तीतील विघ्न मानून त्यांनी दूर लोटले नाही. पुढेही संसार, मळा आणि भजन ही तिन्ही त्यांनी एकत्रच चालविली.

त्यांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. सदतीस अभंग आज उपलब्ध आहेत. संख्या अल्प असली तरी त्यांची भाषा निराळी आहे. मळ्यातील, विहिरीवरील आणि मोटेवरील शब्द त्यांनी निःसंकोचपणे भक्तीच्या वाणीत आणले. आपल्या व्यवसायाची त्यांना लाज नव्हती, याची ही लेखी साक्ष होय.

पांडुरंग स्वतः अरणला आले व सावतोबांनी खुरप्याने छाती उघडून त्यांना हृदयात लपविले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा भावार्थ ध्यानी घ्यावा. ज्याला काम सोडून देवाकडे जाता येत नाही, त्याच्याकडे देव चालत येतो. हाच भाव लोकांनी परंपरेने जपला आहे. आषाढी एकादशीस संतांच्या पालख्या पंढरीस जातात, पण सावता महाराजांची पालखी जात नाही, उलट पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला येते.

शके 1217 मध्ये, इ. स. 1295 साली, आषाढ वद्य चतुर्दशीस, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी सावतोबांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. यादवांचे वैभव काही वर्षांत लयास गेले. अरणच्या मळ्यातील या गृहस्थाचे नाव मात्र सातशेहून अधिक वर्षे टिकले आहे.

अध्यापन करीत असताना एक गोष्ट वारंवार दिसे. वर्गात वडिलांचा व्यवसाय विचारला की भाजी विकणाऱ्याचा मुलगा खाली मान घालून उत्तर देई. दुसरीकडे, घरात आजारी माणूस, लहान मुले आणि शेताची कामे असल्यामुळे आपल्या हातून देवाधर्माचे काही घडत नाही, अशी खंत अनेक माताभगिनी बोलून दाखवितात. या दोघांनाही सावता महाराजांचे चरित्र धीर देणारे आहे. मुलाने आपल्या बापाच्या हातावरील घट्टे अभिमानाने पाहावेत. गृहिणीने आपले घर हेच आपले क्षेत्र समजावे. जयंती-पुण्यतिथीस हारतुरे अवश्य अर्पण करावेत, परंतु त्या दिवशी आपल्या मुलांना एक वाफा स्वतःच्या हाताने भिजवावयास लावावा. सावता महाराजांची ती खरी पूजा ठरेल.