डॉक्टर कार्टर वुडसन

दरवर्षीं फेब्रुवारी महिना आला म्हणजे अमेरिकेंतील पुष्कळ शाळांत, ग्रंथालयांत व कृष्णवर्णी लोकांच्या मंडळ्यांत मोठी लगबग दिसूं लागते. मुलें आपल्या पूर्वजांचीं चरित्रें वाचून दाखवितात, व्याख्यानें व गायनें होतात. ज्यांचे पूर्वज बाजारांत गुरांप्रमाणें विकले गेले, त्या लोकांच्या कर्तबगारीचें हें स्मरण होय. हा परिपाठ घालून देणारे कार्टर वुडसन ह्यांचा अल्प वृत्तांत आम्ही वाचकांस सादर करितों.

वुडसन ह्यांचा जन्म १९ डिसेंबर १८७५ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांतील न्यू कँटन गांवीं झाला. त्यांचे आईबाप पूर्वीं गुलाम होते. १८६५ सालीं गुलामगिरी बंद झाली, परंतु दारिद्र्य सुटलें नव्हतें. गांवची शाळा वर्षांतून थोडेच महिने भरे, व तेथें मुलाचे मामाच शिकवीत. बापास अक्षरओळख नव्हती. तेव्हां मुलगा त्यास वर्तमानपत्र वाचून दाखवी.

पुढें पोटासाठीं ते वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणींत मजूर झाले. तेथें ऑलिव्हर जोन्स नांवाचा एक खाणकामगार होता. त्यास स्वतःला वाचतां येत नसे. तरी आपल्या लोकांविषयींचीं पुस्तकें व वर्तमानपत्रें तो विकत आणून घरीं ठेवी. काम संपल्यावर मजूर त्याच्या घरीं जमत आणि वुडसन त्यांस वाचून दाखवीत. ऐकतां ऐकतां ते मजूर गुलामगिरीच्या व यादवी युद्धाच्या आपल्या आठवणी सांगूं लागत. कोणत्याही पुस्तकांत न लिहिलेला इतिहास ह्या निरक्षर माणसांपाशीं आहे, हें वुडसन तेथें शिकले.

वयाच्या विसाव्या वर्षीं, १८९५ सालीं, ते हंटिंग्टन येथील हायस्कुलांत दाखल झाले, आणि दोन वर्षांच्या आंतच त्यांनीं तो अभ्यासक्रम पुरा केला. नंतर शिक्षकाचें काम करीत करीत त्यांनीं पुढील विद्या मिळविली; मध्यंतरीं कांहीं वर्षें ते फिलिपाईन बेटांतही शिकवीत होते. १९१२ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. तेथें ही पदवी मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णी गृहस्थ; पहिले डब्ल्यू. ई. बी. डुबॉय हे होत.

त्या काळीं कृष्णवर्णी लोकांस सांगण्याजोगा इतिहासच नाहीं, असें पुष्कळ विद्वान मानीत. ज्या लोकांची नोंद नाहीं, त्यांस जग कवडीमोल समजतें, आणि अखेरीस ते स्वतःही तसेंच समजूं लागतात, हें वुडसन जाणून होते. म्हणून त्यांनीं १९१५ सालीं शिकागो येथें ह्या इतिहासाच्या अभ्यासासाठीं एक संस्था स्थापिली व १९१६ सालीं त्रैमासिक सुरू केलें. परंतु विद्वानांचें त्रैमासिक खेड्यांतील मुलाच्या हातीं कसें पडावें? ह्यासाठीं १९२६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं 'निग्रो इतिहास सप्ताह' आरंभिला. ह्याच महिन्यांत अब्राहाम लिंकन ह्यांची १२ तारखेची व फ्रेडरिक डग्लस ह्यांची १४ तारखेची जयंती लोक आधींपासून पाळीत. डग्लस गुलामगिरींत जन्मले असल्यामुळें त्यांस आपली जन्मतिथि ठाऊक नव्हती. १४ तारीख ही केवळ मानलेली होती. नोंदीवांचून माणसाचें काय हरवतें, हें ह्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

शिक्षकांनीं व पाळकांनीं हा सप्ताह उचलून धरिला. वर्षभर जें शिकविलें तें त्या आठवड्यांत लोकांपुढें मांडावें, असा वुडसन ह्यांचा आग्रह असे.

वुडसन स्वभावानें करडे होते. आपली संस्था दुसऱ्या कोणाच्या ताब्यांत देण्यास ते तयार नसत. पुढें धनिकांच्या मोठ्या देणग्या आटल्या, तेव्हां सामान्य लोकांच्या लहान लहान वर्गण्यांवर त्यांनीं काम चालविलें. ते अविवाहित राहिले. वॉशिंग्टन शहरांत एकाच घरांत खालीं कचेरी व वर बिऱ्हाड असे. तेथेंच ३ एप्रिल १९५० रोजीं त्यांचें देहावसान झालें. १९७६ सालापासून त्यांचा सप्ताह महिनाभर पाळला जाऊं लागला.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण शेजाऱ्यांस पत्रें व वर्तमानपत्रें वाचून दाखवितात. वाचून झाल्यावर ते वृद्ध स्वतःविषयीं काय सांगतात, तें ऐकून कोणीं लिहून ठेविलें आहे काय? नसल्यास एक कोरी वही घेऊन आरंभ करावा, इतकीच आमची विनंती आहे.