तंटा कसा सोडवावा : बाबासाहेबांच्या जीवनातील एक धडा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनचरित्र आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांत लहान पोरसुद्धा सांगेल. मग विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत तेच पुन्हा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या वाडीतच घडले. जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो ठेवायचा की लेझीम, यावरून पोरांचे दोन तट पडले. त्यात कोणीतरी मोबाईलवर एक वेडीवाकडी ओळ टाकली. झालं! दोन महिने ही मुलं एकत्र वंदनेला बसली नाहीत. ज्यांची जयंती, त्यांच्याच नावाने भांडण! तेव्हा आम्ही वडीलधाऱ्यांनी ठरवले की मुलांना उपदेश करण्याआधी बाबासाहेबांचेच चरित्र या एका नजरेने पुन्हा वाचू या.

बाबासाहेबांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहिले आणि पुढे साताऱ्याला गेले. लहानपणी भिवा हट्टी आणि भांडखोर होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्या घरातले पोर तापट आहे म्हणून आईबापांनी निराश होऊ नये. प्रश्न रागाचा नाही, तो राग कुठे लावायचा याचा आहे. भिवाने तो अभ्यासाला लावला. 1907 साली मॅट्रिक, 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन, असा तो प्रवास आपण जाणतोच.

रागाची खरी परीक्षा महाडला झाली. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी तिथे परिषद भरली. 20 तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या खोट्या आवईवरून जमाव चालून आला. परतणाऱ्या आणि जेवायला बसलेल्या माणसांवर काठ्या पडल्या, डोकी फुटली. आपल्यातले कितीतरी जण लष्करात नोकरी केलेले, अंगापिंडाने मजबूत होते. बाबासाहेब उतरले होते त्या बंगल्याजवळ ते संतापाने जमले होते. फक्त एका इशाऱ्याची वाट बघत होते. तो इशारा बाबासाहेबांनी दिला नाही. आपल्या माणसांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या मार्गाने नेले. जून 1927 मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुढे डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची तयारी झाली, तेव्हा विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला. जमलेल्या लोकांना काही झाले तरी तळ्यावर जायचे होते. बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली आणि सत्याग्रह तहकूब केला. पण दावा सोडला नाही. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. पहिल्या ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षं लागली!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हात न उगारणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. पाण्याचा हक्क हा काही अर्धा तुला, अर्धा मला अशा तडजोडीचा विषय नव्हता. अन्याय असेल तिथे बाबासाहेबांनी तडजोड केली नाही. आपल्या कोकणातल्या खोतीचेच बघा. एप्रिल 1929 मध्ये ते चिपळूणला परिषदेसाठी आले, 1937 साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती जाण्यासाठी 1949 च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले, पण ती गेली.

मात्र जिथे दोन बाजूंना समोरासमोर बसवून मार्ग निघण्यासारखा होता, तिथे ते आवर्जून बसवत. 1942 साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी एकत्र बसण्याची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत भरली. तरुणांनाही त्यांनी वाद घालण्यापासून रोखले नाही, वाद घालण्याची रीत शिकवली. मुंबईत 1946 साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे विद्यार्थ्यांची संसद होती. समोरच्याचे ऐकायचे, मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यायचे, ही त्यात सवय. 1950 साली हिंदू कोड बिलाची बाजू मांडायला स्वतः बाबासाहेब त्या पोरांच्या संसदेपुढे उभे राहिले. त्याच्या थोडेच आधी, 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी बजावले होते की आता घटनेचा मार्ग खुला झाला आहे, तेव्हा रक्तपाताचा मार्ग सोडून द्यावा.

आता मुख्य गोष्ट. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, शरीर आजाराने पोखरलेले असताना, त्यांनी भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहिला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपल्याला धम्म दिला, 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ 1957 साली निघाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा असे दिले आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून मारामारी झाली. शाक्य संघ युद्धाला निघाला. तरुण सिद्धार्थाने विरोध केला. आधी चौकशी करा, आपली माणसेही निर्दोष नाहीत, असे त्याने सांगितले. आणि तोडगा सुचवला : दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. संघाने ऐकले नाही, सिद्धार्थाने घर सोडले. पण नंतर दोन्हीकडचे लोक शहाणे झाले, युद्ध टळले आणि पाण्याच्या तंट्यांसाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले.

चवदार तळे पाण्याचे आणि रोहिणीही पाण्याचीच. ज्यांनी पाण्यासाठी आपल्या माणसांची फुटलेली डोकी पाहिली, त्यांनीच शेवटी ही पाचांची रीत आपल्या हाती ठेवली, हे मनावर कोरून ठेवावे.

आमच्या वाडीत आम्ही हीच रीत धरली. दोन मुलं बेंजोवाल्यांची, दोन लेझीमवाल्यांची आणि त्या चौघांनी मिळून निवडलेली बारावीतली एक मुलगी. वडीलधारे बाहेर पायरीवर! एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. मग दुसऱ्याने आपण काय ऐकले ते आधी सांगायचे आणि नंतरच आपली बाजू मांडायची. पहिला रविवार फुकट गेला. दुसऱ्या रविवारी समजले की भांडण वाद्याचे नव्हतेच. वर्गणीचा हिशेब एका तटाला कोणी दाखवला नव्हता. चूक आम्हा मोठ्यांची होती. हिशेब फळ्यावर लागला आणि पोरं पुन्हा एका रांगेत वंदनेला बसली.

मात्र एक मर्यादा पाळावी. मारहाण, मुलींची छेड, जातीवरून अपमान, असले प्रकार पोरांच्या पाचांपुढे ठेवायचे नाहीत. तिथे आईवडील आणि कायदा. महाडचा धडा तिथे, रोहिणीचा धडा इथे. दोन्ही धडे बाबासाहेबांचेच आहेत.

बंधू-भगिनींनो, आपापल्या विहारात महिन्यातून एक रविवार मुलांच्या या पाचांसाठी राखून ठेवा. बाबासाहेबांना याहून मोठी आदरांजली आम्हांला तरी सुचत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!