साखळी ओळखणारा माणूस

जर्मनीत आल्यापासून माझं काम म्हणजे प्रवाहांचं गणित करणारं सॉफ्टवेअर. नळातून खळबळत जाणाऱ्या पाण्यात दहा लाखांत काही भाग इतकंच पॉलिमर विरघळवलं, तरी घर्षण निम्म्याहून कमी होऊ शकतं. पॉलिमरचे लांबलचक रेणू प्रवाहात ताणले जातात आणि बारीक भोवरे दबतात. संगणकात आम्ही असा रेणू दोन मणी आणि मध्ये एक स्प्रिंग असा मांडतो. पण रेणू एवढा लांब असू शकतो, हे पटवायला एका माणसाला वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

हेरमान श्टाउडिंगर यांचा जन्म १८८१ चा, वर्म्स गावचा. १९२० मध्ये झुरिकला प्राध्यापक असताना त्यांनी मांडलं, की रबरासारखे पदार्थ म्हणजे असंख्य अणू पक्के जोडलेल्या साखळ्या. तेव्हाच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांच्या मते ते लहान रेणूंचे नुसते पुंजके होते. श्टाउडिंगर हटले नाहीत. १९२६ मध्ये ते फ्रायबुर्गला आले. तिथे पॉलिमरचं द्रावण बारीक नळीतून वाहायला किती वेळ लागतो, ते मोजत राहिले. साखळी जितकी लांब, तितकं द्रावण दाट. हळूहळू विरोधक गप्प झाले.

हट्ट फक्त प्रयोगशाळेपुरता नव्हता. पहिल्या महायुद्धात त्यांनी युद्धाविरुद्ध लिहिलं होतं. नाझी काळात तेच उकरून काढलं गेलं. विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू, तत्त्वज्ञ हायडेगर यांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली आणि नोकरी जाता जाता राहिली. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात संस्थाही उद्ध्वस्त झाली. नोबेल मिळालं १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. १९६५ मध्ये फ्रायबुर्गलाच ते गेले.

एक गोष्ट मात्र त्यांची चुकली. आपल्या साखळ्या काठीसारख्या ताठ असतात, असं ते बरीच वर्षं धरून बसले. त्या लवचीक असतात, गुंडाळतात आणि ताणल्या जातात, हे वेर्नर कून आणि इतरांनी दाखवलं. आमची स्प्रिंग आली ती या लवचीकपणातून!

म्हणून आमच्या मॉडेलचं उत्तर कितीही सुरेख दिसलं, तरी मी आधी ते प्रयोगातल्या आकड्यांशी ताडून बघतो. सगळ्यांविरुद्ध एकटा बरोबर ठरलेला माणूसही पुढच्याच पायरीवर चुकू शकतो. मग आपली काय कथा?