वेट फिलिप्स : दिलेल्या दानाची काळजी वाहणारा दाता

अमेरिकेतील आयोवा राज्यात, कॉनवे या लहानशा गावाजवळच्या शेतावर, १९ जानेवारी १८८३ रोजी एका मोठ्या शेतकरी कुटुंबात जुळे मुलगे जन्मास आले. एकाचे नाव वेट. दुसऱ्याचे, त्याच अक्षरांची अदलाबदल करून ठेवलेले, वायेट. सोळाव्या वर्षी दोघांनी घर सोडले आणि पश्चिमेची वाट धरली. तीन वर्षे मिळेल ते काम करीत, रॉकी पर्वताच्या परिसरातील डोंगरदऱ्या पायांखाली घालीत ते भावंडे हिंडली. १९०२ साली स्पोकेन शहरी अपेंडिक्स फुटल्याचे निमित्त होऊन वायेटचे निधन झाले. वय अवघे एकोणीस. दोघे मिळून गेले होते. वेट एकटे परतले.

पुढे त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले आणि कोळशाच्या व्यापारात हिशेबनीस व विक्रेता म्हणून काम केले. १९०६ साली ते थोरले बंधू फ्रँक व एल. ई. यांच्याकडे बार्टल्सव्हिल येथे गेले. आज ओक्लाहोमा राज्यात असलेल्या त्या भागात तेव्हा खनिज तेलाचा शोध जोरात चालू होता. तेथे त्यांनी हा व्यवसाय अगदी पहिल्या पायरीपासून शिकून घेतला. बंधूंनी १९१७ मध्ये फिलिप्स पेट्रोलियम ही कंपनी स्थापन केली. वेट यांनी मात्र आपली स्वतंत्र वाट निवडली. विहिरीतून तेल काढणे, ते शुद्ध करणे, वाहून नेणे आणि विकणे ही सारी अंगे त्यांनी एका छत्राखाली आणली. १९२५ साली त्यांनी हा उद्योग अडीच कोटी डॉलरना विकला. तेव्हा त्यांचे वय होते बेचाळीस.

१९०९ साली जेनेव्हीव्ह एलियट यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. हेलन जेन ही कन्या आणि एलियट हा पुत्र, असा त्यांचा चौकोनी संसार होता. टल्सा शहरात या कुटुंबासाठी त्यांनी फिलब्रुक हा बहात्तर खोल्यांचा प्रासाद बांधला. तरीही त्यांचे मन रमले ते न्यू मेक्सिकोतील सिमारॉनजवळच्या डोंगरात. १९२२ पासून तेथे त्यांनी जमीन घेण्यास आरंभ केला. गुरे, मेंढ्या आणि घोडे पाळण्याचे हे विस्तीर्ण रान, म्हणजेच रँच, वाढत वाढत तीन लाख एकरांच्या पुढे गेले. त्याला त्यांनी फिलमाँट हे नाव दिले. गोठे, कुंपणे, रस्ते, शिकारीच्या वाटांवरील लाकडी विश्रामघरे अशी नीट व्यवस्था तेथे उभी राहिली. कुटुंबासाठी प्रशस्त निवासस्थानही बांधले गेले आणि मुले घोड्यावर बसून डोंगर पालथे घालू लागली. पुत्र एलियट यांनी पुढे पशुपालनच आपलेसे केले.

ही भूमी पूर्वी कोणाची होती, याचे विस्मरण होऊ नये. यूट आणि हिकारिया अपाची या मूळ रहिवाशांचा तो प्रदेश. मालकी हातोहाती बदलत गेली आणि मूळ लोक दूर सारले गेले. फिलिप्स यांच्याकडे ही जमीन आली, ती या दीर्घ इतिहासाच्या शेवटी.

१९३८ हे वर्ष त्यांच्या चरित्रातील कळसाचे. त्या वर्षी त्यांनी फिलब्रुकचा प्रासाद कलासंग्रहालयासाठी टल्सावासीयांच्या स्वाधीन केला. आणि त्याच वर्षी फिलमाँटमधील ३५,८५७ एकर जमीन अमेरिकेतील बालवीर संघटनेला दिली. मुले तेथे येऊ लागली, राहुट्या ठोकू लागली, डोंगर चढू लागली. जमिनीचे चीज होत आहे, हे फिलिप्स यांनी पाहिले. १९४१ साली त्यांनी आणखी ९१,५३८ एकर दिले. या वेळी रँचचा गाभाच त्यांनी हातून सोडला. कुटुंबाचे राहते घर, गोठे, गुरेढोरे, घोडे, सारे त्यात आले. दोन्ही दाने मिळून १,२७,३९५ एकर, म्हणजे सुमारे ५१५ चौरस किलोमीटर होतात.

तथापि त्यांच्या दातृत्वाचे वेगळेपण या आकड्यांत नाही. एवढे मोठे रान सांभाळण्यास दरसाल पैसा लागतो, हे व्यवसायात मुरलेल्या या गृहस्थाला पक्के ठाऊक होते. देणगी मोठी आणि तिच्या देखभालीची सोय मात्र नाही, अशी स्थिती झाली की घेणाऱ्याच्या गळ्यात दानाचे लोढणे पडते. म्हणून त्यांनी टल्सातील फिलटॉवर ही आपली उंच कार्यालयीन इमारतही संघटनेला देऊन टाकली. तिच्या भाड्याच्या उत्पन्नातून रँचचा खर्च चालावा, ही त्यामागील योजना होती. जमीन दिली आणि ती टिकवण्याचे साधनही दिले. हिशेबनिसाची शिस्त आणि दात्याचे औदार्य यांचा असा संगम क्वचितच आढळतो.

२७ जानेवारी १९६४ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे देहावसान झाले. १९३८ पासून आजवर दहा लाखांहून अधिक बालवीरांनी फिलमाँटच्या वाटा तुडविल्या आहेत. पाठीवर बोजा, हातात नकाशा आणि सोबतीला सवंगडी, असे ते दहा-बारा दिवस डोंगरात काढतात. एकोणिसाव्या वर्षी मागे राहून गेलेल्या भावाबरोबर जे भ्रमण अपुरे राहिले, तेच जणू फिलिप्स यांनी पुढच्या पिढ्यांच्या स्वाधीन केले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

शाळा ही देखील अशीच दानावर उभी असते. कोणी जागा देतो, कोणी खोली बांधून देतो. आणि त्या दात्यांची नावे कोनशिलेवर कोरली जातात. परंतु साठ वर्षे शाळा चालते ती गळके छप्पर दर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करणाऱ्या, ग्रंथालयाची वर्गणी न चुकता पाठवणाऱ्या आणि गरजू मुलाची फी गाजावाजा न करता भरणाऱ्या हातांमुळे. त्यांची नावे सहसा कोठे कोरलेली नसतात. मराठीचा परिसर ओलांडून दूरवर स्थिरावलेल्या समाजाच्या शाळेला तर अशा हातांची गरज अधिकच. हीरकमहोत्सवाच्या या प्रसंगी वेट फिलिप्स यांचे चरित्र आठवावे ते याचसाठी. देणे ही सुरुवात असते. दिलेले टिकावे म्हणून पुढची तरतूद केली की ते दान पुरे होते.