बेल्जममधील एक धर्मगुरू व विश्वाचा आरंभ

उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाज टाकून आकाशाकडे पाहत पडले असता, हे सारे केव्हा व कसे आरंभले असावे, हा प्रश्न ज्याच्या मनात कधीच आला नाही असा मनुष्य विरळा. खेडोपाडी फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस तर तो वारंवार विचारण्यात येतो. आता विद्वानही जगास आरंभ होता असे म्हणतात, तेव्हा पवित्र शास्त्र खरे ठरले, असे झटपट उत्तर देण्याचा मोह कोणास होत नाही? परंतु ज्या गृहस्थांनी विद्वानांपुढे ह्या आरंभाची कल्पना प्रथम मांडली, त्यांनीच असे उत्तर देण्याचे निक्षून नाकारले. आणि ते स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते! त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहो.

जॉर्ज लमेत्र ह्यांचा जन्म बेल्जम देशातील शार्लरवा नगरात १७ जुलै १८९४ रोजी झाला. धर्मसेवा व विज्ञान ह्या दोहोंची ओढ त्यांस बाळपणापासून होती. लूव्हेनच्या विद्यापीठात ते स्थापत्यशास्त्र शिकत असता १९१४ साली महायुद्ध पेटले. तेव्हा पुस्तके बाजूस ठेवून ते सैन्यात शिरले, तोफखान्यात लढले व शौर्याचे पदक मिळवून परतले. युद्धात जे पाहिले त्यानंतर पूल व इमारती बांधण्याकडे त्यांचे मन वळेना. त्यांनी गणित व पदार्थविज्ञान हाती घेतले, १९२० साली पदवी संपादन केली, आणि त्याच वर्षी ते धर्मशिक्षणाच्या शाळेत दाखल झाले. तेथे असता १९२१ साली त्यांनी एक निबंध लिहिला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील देवाच्या आज्ञा पदार्थविज्ञानाच्या भाषेत उलगडून दाखवाव्या, असा त्यांचा त्यात यत्न होता. पुढे ही वाट त्यांनी सोडून दिली. ती का सोडली, हेच त्यांच्या चरित्रात आम्हांस विशेष बोधप्रद वाटते.

१९२३ साली त्यांस दीक्षा मिळाली व लागलीच ते केंब्रिजला आर्थर एडिंग्टन ह्यांजकडे शिकावयास गेले. गुरू क्वेकर पंथाचे, शिष्य रोमन कॅथलिक. पण दोघांचे उत्तम जमले. तेथून अमेरिकेतील हार्वर्डच्या वेधशाळेत एक वर्ष काढून १९२५ साली ते लूव्हेन येथे अध्यापक झाले.

त्या काळी आइन्स्टाइनसारखे थोर पंडितही विश्व सर्वकाळ जसेच्या तसे आहे असे समजत. तथापि दूरच्या तारकासमूहांचा प्रकाश तांबडेपणाकडे झुकलेला असतो, म्हणजे ते आपणांपासून दूर जात आहेत, हे वेधांत आढळून आले होते. लमेत्र ह्यांनी १९२७ साली एका निबंधात दाखविले की, हे समूह अवकाशातून पळत नसून अवकाशच पसरत आहे. आमच्या भगिनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी थापतात, तेव्हा तीळ जागचे चालत नाहीत. भाकरी पसरते म्हणून तिळातिळांतील अंतर वाढते, आणि जे तीळ मुळात अधिक दूर ते अधिक वेगाने दुरावतात. तसेच हे होय. हा वेग किती, हेही लमेत्र ह्यांनी उपलब्ध वेधांवरून काढिले होते. परंतु निबंध ब्रुसेल्सच्या एका लहानशा पत्रात फ्रेंच भाषेत छापलेला. तो वाचणार कोण? त्याच वर्षी आइन्स्टाइन भेटले, त्यांनी गणित निर्दोष ठरविले व त्यातून काढलेले अनुमान मात्र झिडकारून टाकले. दोन वर्षांनी अमेरिकेत एडविन हबल ह्यांनी तोच संबंध अधिक वेध घेऊन प्रसिद्ध केला व कीर्ती त्यांस मिळाली. १९३१ साली त्या फ्रेंच निबंधाचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा लमेत्र ह्यांनी वेगाविषयीचा स्वतःचा मजकूर, आता जुना झाला म्हणून, आपल्याच हाताने गाळला. अशी निःस्पृहता आम्हां लिहिणाऱ्यांत क्वचितच आढळते. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्या नियमास हबलबरोबर लमेत्र ह्यांचेही नाव देण्याची शिफारस केली.

जे आज पसरत आहे ते पूर्वी जवळजवळ असले पाहिजे. १९३१ च्या मे महिन्यात एका छोट्या पत्राने त्यांनी हा विचार शेवटास नेला: सर्व विश्व आरंभी एका मूळ अणूत सामावलेले होते व तो फुटून हे सारे झाले. त्या पत्राच्या मूळ प्रतीत देवाविषयी एक परिच्छेद होता. देव स्वभावतःच गुप्त आहे, आणि सृष्टीच्या निर्मितीवर विज्ञानानेही पडदाच राहू दिला ह्यात भाविकास आनंद वाटावा, असा त्याचा आशय. छापण्यास देण्यापूर्वी त्यांनी तो खोडला.

पुष्कळांस संशय होताच की, हा पाद्री गणिताच्या आडून उत्पत्तीचे पुस्तक आत आणीत आहे. शिवाय त्या काळच्या मापांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघे, आणि पृथ्वीवरील काही खडक त्याहून जुने ठरत! ती मापेच चुकीची होती. आज ते वय सुमारे १३८० कोटी वर्षे धरितात. १९४९ साली फ्रेड हॉइल ह्या विरोधकाने रेडिओवरील भाषणात ह्या मतास महास्फोट असे नाव दिले, तेच पुढे रूढ झाले.

मग २२ नोव्हेंबर १९५१ रोजी खुद्द रोमच्या पोपने, बारावे पायस ह्यांनी, विज्ञानास आता निर्मितीच्या क्षणाची साक्ष पटली, अशा अर्थाचे भाषण केले. दुसरा कोणी असता तर हर्षभरित झाला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपले मत उद्या खोटे ठरू शकेल. त्यावर लोकांचा विश्वास टेकवला, तर मत पडताच विश्वासही पडेल. शिवाय पदार्थविज्ञान ज्यास आरंभ म्हणते तो सृष्टीच्या घडामोडींचा आरंभ. काहीच नव्हते त्यातून देवाने सर्व केले ही गोष्ट कोणत्याही दुर्बिणीच्या कक्षेत येत नाही, असे त्यांचे मत होते. १९५२ साली ते रोमला गेले व पोपच्या विज्ञानविषयक सल्लागाराशी बोलले. त्यानंतर सप्टेंबरात खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा तो विषय निघाला नाही. रोमी मंडळीशी आमचे मतभेद आहेत ते आहेतच. परंतु आपल्याच वरिष्ठांनी केलेली आपली स्तुती अशी नम्रपणे थांबविणे सोपे नव्हे, हे कबूल केले पाहिजे. यशया संदेष्ट्याने ज्याला गुप्त देव म्हटले, त्याजवरच त्यांची भिस्त होती. आणि मनुष्याने तरावे कसे हे सांगणारे शास्त्र तारे मोजावयास दिलेले नाही, असे ते मानीत.

त्यांचे एक अनुमान चुकलेही. विश्वकिरण म्हणून जे सूक्ष्म कण आकाशातून पृथ्वीवर येतात, ते मूळ अणूच्या स्फोटाचे अवशेष असावे असे त्यांस वाटे. ते तसे नव्हते. खरा अवशेष १९६४ साली अमेरिकेत पेन्झियास व विल्सन ह्या दोघांच्या यंत्रास सापडला. विझल्या चुलीत उरलेल्या उबेप्रमाणे आकाशाच्या सर्व दिशांतून एक मंद उष्णता येत आहे, असे पुढील वर्षी जाहीर झाले. लमेत्र तेव्हा आजाराने खिळलेले होते. त्यांचे सहकारी गोदार ह्यांनी ही वार्ता त्यांस कळविली. थोड्याच दिवसांनी, २० जून १९६६ रोजी, लूव्हेन येथे त्यांनी देह ठेविला.