बाळाची काचेची पेटी जत्रेत मांडणारा मार्टिन कूनी

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं: बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय. ही पेटी म्हणजे इन्क्युबेटर. आज मी ज्या माणसाबद्दल सांगणार आहे, त्याने ही पेटी चक्क जत्रेत मांडली होती, आणि आत खरीखुरी बाळं होती!

मार्टिन कूनीचा जन्म १८६९ चा, आजच्या पोलंडमधला. पेटीचा शोध काही त्याचा नाही. पॅरिसचे डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी अंडी उबवायचं यंत्र पाहून १८८० च्या सुमारास बाळांसाठी तशी पेटी करून घेतली. कूनीने ती लोकांसमोर आणली. १८९७ मध्ये लंडन, मग अमेरिका. आणि १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, पाळणे आणि खाऊच्या दुकानांच्या गर्दीत. तिकीट २५ सेंट. त्यातून नर्सचा पगार आणि बाकी खर्च निघायचा. आईवडिलांकडून मात्र एक पैसाही घेत नसत. तेव्हा बहुतेक हॉस्पिटलांत अशा बाळांसाठी सोयच नव्हती.

पेटी कशी चालायची?

खाली गरम पाण्याची नळी, तापमान सांभाळायला थर्मोस्टॅट. बाहेरची हवा गाळून आत यायची आणि वरच्या धुराड्यातून निघून जायची.

आठवडे का मोजायचे?

पूर्ण दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ पूर्ण व्हायच्या आत जन्मलं तर बाळ अपुऱ्या दिवसांचं. कातडीखालची चरबी शेवटच्या आठवड्यांत साठते, म्हणून असं बाळ पटकन गार पडतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो, म्हणून कूनीच्या नर्स लहानग्यांना चमच्याने दूध द्यायच्या. फुप्फुसांचं काय? त्यातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून सरफॅक्टंट नावाचा पदार्थ लागतो, आणि तोही शेवटच्या महिन्यांतच पुरेसा तयार होतो. पेटी ऊब द्यायची, सरफॅक्टंट नाही. त्याची कमतरता हे श्वासाच्या त्रासाचं कारण आहे, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं. कूनी १९५० मध्येच वारला होता.

कूनी स्वतःला डॉक्टर म्हणवायचा, पण त्याच्या पदवीचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. बाळांना तिकीट लावून दाखवणं मला खटकतंच. तरी त्याच्याकडे हजारो बाळं वाचली, हेही खरं. त्याची स्वतःची मुलगीसुद्धा अपुऱ्या दिवसांची होती. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अशा बाळांचा विभाग सुरू झाला आणि कूनीने आपलं प्रदर्शन बंद केलं.

तुमच्या मोबाइलशी याचा काय संबंध?

बाळाची वाढ दाखवणाऱ्या अॅपमध्ये नुसती जन्मतारीख टाकू नका. ३२ आठवड्यांनी जन्मलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल, तर हरवलेले आठ आठवडे वजा करा. वाढीच्या हिशोबाने ते चार महिन्यांचं आहे. त्यामुळे ते अजून बसत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. हा हिशोब साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात. लसी मात्र सहसा जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्या पुढे ढकलू नका. शंका आली तर अॅपला नाही, बालरोगतज्ज्ञांना विचारा.